आश्रमशाळा-वसतिगृहातली मुलं, त्यांच्यावर मारलेले शिक्के आणि 'शांत बसण्याचा' तास: नेमका कसा घ्यावा?

पळसपान

"कोट्यातून आलेला", "डोंगरातली पोरं, गणित कुठलं जमायचं", "त्या वस्तीवरची आहे, वस्तू सांभाळा". समाजकल्याण वसतिगृहं, आश्रमशाळा, अनुदानित वसतिगृहं इथल्या मुलांच्या कानावर हे कुठल्या ना कुठल्या रूपात पडतंच. अशा मुलांना शांत बसणं, स्वतःकडे पाहणं, लिहिणं यांचा आधार देता येतो का, आणि द्यायचा तर किती मिनिटं, कुठल्या क्रमानं, काय टाळून, यावर मुद्देसूद चर्चा व्हावी म्हणून हा धागा. ८वी ते १०वीची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

आधी शिक्का नेमका कुठे लागतो ते पाहू. १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तोच पेपर "ही तुमच्या बुद्धीची चाचणी आहे" असं सांगून दिला की त्यांची कामगिरी घसरायची, तसं न सांगता दिला की सुधारायची. आपल्या जवळचं उदाहरण कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचं, २००४ चं. उत्तर प्रदेशातल्या उच्च प्राथमिक शाळांमधल्या ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलग्यांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सोडवण्याचे पैसेही ठेवले. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गट बरोबरीत. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली की दलित मुलांची कामगिरी खाली.

असं का होतं? तोंडी हिशेब करताना डोक्यातली जी छोटी पाटी आपण वापरतो, तिच्यावर जागा कमी असते. "चुकलो तर म्हणतील, बघा, ही असलीच" हे वाक्य त्या पाटीवर आधीच लिहिलेलं असेल तर गणिताला उरते ती अर्धी पाटी. शांत बसण्याच्या सरावाकडून अपेक्षा एवढीच ठेवायची की ते वाक्य आलं हे मुलाला ओळखता यावं आणि त्याला परत गणिताकडे वळता यावं.

माझा कच्चा आराखडा असा:

- एका गटात १२ ते १५ मुलं. ४० मुलांचा एकच गट केला की तो परिपाठ होतो.
- आठवड्यातून ३ दिवस, २० मिनिटं, ८ आठवडे.
- पहिली ३ मिनिटं बसून आजूबाजूचे आवाज ऐकणं, मग ५ मिनिटं एका जागी लक्ष ठेवणं, मग १० मिनिटं लेखन, शेवटची २ मिनिटं हातपाय ताणणं.
- सुरुवात आणि शेवट स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवून. शाळेची घंटा नको, त्या आवाजाबरोबर उशिराची भीती येते.
- घेणारी व्यक्ती शक्यतो गुण देणारी नसावी.

यातलं काय चुकतंय, काय राहिलंय, सांगा.

निळीशाई

चांगला विषय. पण क्रमाबद्दल माझा ठाम आक्षेप आहे.

हॉफ-पांडे प्रयोगाचा पुढचा भाग तुम्ही सांगितला नाहीत. बक्षिसाच्या हिशेबात माणसाच्या मर्जीऐवजी चिठ्ठ्यांची सोडत आणली, तेव्हा ती दरी मिटली. म्हणजे मुलांची पाटी उगाच भरली नव्हती. "समोरचा माणूस आपल्याला न्यायानं मोजणार नाही" हा त्यांचा अंदाज होता, आणि तो अनुभवातून आलेला होता. अशा मुलाला डोळे मिटून शांत हो म्हणणं म्हणजे जखम करणाऱ्याला मोकळं सोडून जखमी माणसाला औषध कसं लावायचं ते शिकवणं. डॉ. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हटलं, त्यात कुठेही 'सहन करा' नाही.

म्हणून शांत बसण्याचा तास सुरू करण्याआधी शाळेनं आणि वसतिगृहानं करायची कामं. एकेक करून टिपून घ्या:

कॅटलॉगमध्ये प्रवर्गाचा रकाना असतो. तो ज्या पानावर आहे ते पान वर्गात उघडायचंच नाही, हजेरी वेगळ्या कोऱ्या यादीवरून घ्यायची. शिष्यवृत्तीची नावं वर्गात ओरडून वाचायची नाहीत. "एससी-एसटीवाले उभे राहा" हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं, ते कायमचं बंद. कागदपत्रं मागायची तर बंद पाकिटात चिठ्ठी द्या किंवा कार्यालयात एकेकाला बोलवा. जातीच्या दाखल्याची आठवण परीक्षेच्या आठवड्यात तर मुळीच करायची नाही. परीक्षेच्या कागदावर आधी प्रवर्ग लिहायला लावणं आणि मग प्रश्न सोडवायला सांगणं म्हणजे वर सांगितलेला प्रयोग आपण रोज फुकटात करतोय. ती माहिती हवीच असेल तर पेपर झाल्यावर भरून घ्या.

वस्तू हरवली की फक्त वस्तीवरच्या मुलांची दप्तरं तपासणं: तपासायची तर शिक्षकांच्या टेबलाच्या खणापासून सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही.

आणि बसण्याची व्यवस्था. जेवणाच्या पंगतीत, बाकांवर, झाडलोटीच्या पाळ्यांत कोण कुठे येतं याची एक आठवडा नोंद ठेवा. संडास धुण्याची पाळी कोणावर येते हे त्या यादीत लगेच दिसेल.

एवढं झालं की मग बसा खुशाल.

पळसपान

निळीशाई, क्रमाबद्दल पूर्ण मान्य. आराखड्यात हे 'आठवडा शून्य' म्हणून घालतो. मुलांचा तास सुरू होण्याआधी शिक्षक, गृहपाल, अधीक्षक यांची एक बैठक, दीड तासाची, आणि तुमची यादी भिंतीवर. यादीतली पहिली तीन कामं झाल्याशिवाय मुलांचा तास नाही.

एक मात्र म्हणेन. शाळा बदलायला २ वर्षं लागतील आणि १०वीतलं मूल मार्चमध्ये परीक्षेला बसणार. दोन्ही एकाच वेळी चालवावं लागेल.

गोदाकाठ

'बसण्या'बद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि ते वरून दिसत नाही.

डोळे मिटायची सक्ती नको. वसतिगृहातल्या काही मुलांनी मारहाण पाहिलेली असते, काहींनी त्याहून वाईट. खोलीत मोठा माणूस फिरतोय आणि आपले डोळे मिटलेले, ही अवस्था त्यांना घाबरवते. नजर ४-५ फुटांवर जमिनीवरच्या एका डागावर ठेवू द्या. पाठ भिंतीला, दार दिसेल असं बसू द्या. गोल करून बसवलं तर कोणाची ना कोणाची पाठ दाराकडे होते, म्हणून भिंतीलगत घोड्याच्या नालासारखं बसवावं. घेणाऱ्यानं मध्ये फिरायचं नाही, एका जागी बसायचं. पाठ सरळ करायला हात लावायचा नाही, कधीच नाही.

श्वासावर लक्ष हा एकच मार्ग नाही. छातीत धडधड असणाऱ्या मुलाला श्वास बघायला सांगितलं की धडधड वाढते. पहिल्या दिवशी तीन जागा द्या: तळपायाचा जमिनीला होणारा स्पर्श, मांडीवर ठेवलेल्या हातांचं वजन, बाहेरचे आवाज. ज्याला जी आवडेल ती त्यानं निवडायची. श्वास चौथा पर्याय म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून.

श्वास रोखून धरणारे आणि जोरात फेकणारे प्रकार (कुंभक, कपालभाती, भस्त्रिका) या गटात घेऊच नका. नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि त्यांच्यात प्राणवायू कमी पडणं, पाणी कमी पडणं यानं वेदनेचा झटका येऊ शकतो. रक्त कमी असलेल्या मुलींना अशा प्रकारांनी चक्कर येते. आरोग्य तपासणीची नोंद आधी बघा, आणि बसण्यापूर्वी प्रत्येकाला पेलाभर पाणी.

वेळ: पहाटे ५ ची नको, मुलं झोपतात आणि झोपली म्हणून ओरडा खातात. जेवणावर नको. संध्याकाळचं खाणं झाल्यावर आणि अभ्यासिका सुरू होण्याआधी, साधारण पावणेसात, हे उत्तम. पोट रिकामं असेल तर काहीही घेऊ नका, भुकेल्या मुलाचं लक्ष पोटाकडेच जाणार आणि जायलाच हवं.

मिनिटं: तुम्ही पहिल्याच दिवशी ८ मिनिटं गप्प बसवताय, ते जास्त आहे. पहिला आठवडा ३ मिनिटं, मग दर आठवड्याला १ वाढवा, ८ च्या वर जाऊ नका.

बिघडतंय हे कसं ओळखायचं? हात थंड, ओठ कोरडे, नजर एका जागी थिजलेली, हाक मारली तरी उशिरा ओ देणं, किंवा उलट, अचानक हसत सुटणं. अशा वेळी बसणं थांबवा, पण सगळ्यांचं. एकालाच बाहेर काढलं की तो पुन्हा 'तसला' ठरतो. "चला, उभे राहू. खोलीतल्या ५ निळ्या वस्तू शोधा" असं सांगा. पाणी द्या, व्हरांड्यात चालवा. "काय झालं?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. नंतर एकट्यानं, दार उघडं ठेवून, "बरं वाटतंय का?" एवढंच. मूल काही सांगू लागलं तर ऐका, खोदून विचारू नका. पुढच्या मदतीसाठी मानसिक आरोग्याच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक भिंतीवर हवेत. आणि मुलाला ते लावायला फोन कुठून मिळणार हेही ठरलेलं हवं, नाहीतर क्रमांक नुसते शोभेचे.

सांजवात

मूलभूत प्रश्न. शाळांमध्ये आनापान आहेच की. 'मित्र' नावाचा उपक्रम होता, परिपाठाच्या शेवटी २ मिनिटं मौन असतं. मग वेगळं काय करायचं? आणि हे धार्मिक होत नाही का?

पळसपान

सांजवात, चांगलं विचारलंत. मित्र उपक्रम हा विपश्यनेच्या परंपरेतून आलेला. इगतपुरीला १९७६ मध्ये धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं, तिथलं मुलांसाठीचं आनापान शाळांत नेलं गेलं. रोज दोनदा १० मिनिटं, नैसर्गिक श्वासाकडे पाहणं. पद्धत साधी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. शेकडो मुलं मैदानात बसवून, ध्वनिक्षेपकावर सूचना देऊन ते घेतलं की काय होतं, ते गोदाकाठ यांनी वर लिहिलंच आहे. शिवाय शिक्क्याचा विषय त्यात येत नाही. मूल शांत बसतं, उठतं आणि वर्गात तेच वाक्य पुन्हा ऐकतं.

धर्माचं म्हणाल तर संविधानाचं कलम २८ स्पष्ट आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असलं तर संमतीशिवाय सक्ती नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी. म्हणून खोलीत फोटो नको, ओंकार नको, मंत्र नको, अगरबत्तीसुद्धा नको. सातपुड्यातल्या पालकांना अगरबत्तीचा वास आला की "पोरांना कोणत्या देवाला लावताय?" हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. पहिल्या पालकसभेत ५ मिनिटं पालकांनाच बसवून दाखवा.

भीमाकाठ

यात थोडी भर. बौद्ध वस्त्यांतल्या मुलांसाठी ध्यान परकं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत विहार आलं, आनापानसती आणि मैत्री भावना हे शब्द आजीच्या तोंडी आहेत. त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या परंपरेतल्या लोकांनी महाराष्ट्रात वसतिगृहं चालवली, तिथे हे दोन्ही सराव शिकवले जातात. अशा मुलाला "हे तुझ्या घरचंच आहे" हे कळलं की त्याची मान वर होते, ते त्याच्यापासून लपवू नका. फक्त सगळ्या गटावर ते लादू नका.

मैत्री भावनेत, म्हणजे इतरांचं भलं चिंतण्याच्या सरावात, पाच पायऱ्या आहेत: स्वतः, मित्र, तटस्थ व्यक्ती, जिच्याशी बिनसलंय ती व्यक्ती, आणि मग सगळे. या मुलांच्या बाबतीत तिसरीवर थांबा. जातीवरून शिवी देणाऱ्याचं कल्याण चिंतायला १४ वर्षांच्या मुलाला सांगणं हा अन्याय आहे. मोठेपणी त्याला स्वतःहून वाटलं तर तो चौथी पायरी चढेल.

निळीशाई

भीमाकाठ, तिसऱ्या पायरीवर थांबण्याबद्दल मनापासून आभार. हेच म्हणायचं होतं.

शब्दखडू

लेखनावर कोणी बोललं नाही, तर मी लिहिते. माझ्या मते २० मिनिटांतला सगळ्यात कसदार भाग तोच.

याची मुळं आपल्याकडेच आहेत. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलीनं आपल्यावरचा शिक्का कागदावर उलटा करून दाखवला, त्याला आता १७० वर्षं होऊन गेली. मुलांना हे नक्की सांगा, पण लेखनाच्या पहिल्या तासाला नको. पहिल्याच दिवशी एवढा मोठा आदर्श दिला की पेन थिजतं.

दोन वेगळे लेखनप्रकार आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिला: 'मला काय मोलाचं वाटतं'. फळ्यावर १० गोष्टी: मैत्री, घरची माणसं, गाणं-वाजवणं, शेती किंवा जनावरं, खेळ, विनोद, खरं बोलणं, हाताचं काम, आपली भाषा, देव किंवा धम्म. मुलानं त्यातल्या २ निवडायच्या. मग दोन प्रश्न: हे तुला का मोलाचं आहे? ते तुझ्या कामी आलं तो एक प्रसंग लिही. १० ते १५ मिनिटं. यादीत अभ्यास, गुण, शाळा हे शब्द चुकूनही नकोत, कारण ज्या जागी मार बसतो तिच्या बाहेर पाय रोवणं हाच याचा हेतू. २००६ मध्ये जेफ्री कोहेन आणि ज्युलिओ गार्सिया यांच्या गटानं अमेरिकेत ७वीच्या मुलांकडून हे करून घेतलं, आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांच्या गुणांमधली दरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली.

हे कधी घ्यायचं? पहिल्या घटक चाचणीच्या आधी, मग सत्र परीक्षेच्या आधी, मग सराव परीक्षेच्या आधी. पहिली घसरण होऊन गेल्यावर घेतलं तर उशीर झालेला असतो. घेताना "तुम्हाला ताण असतो म्हणून हे" असं बोलू नका. साधं मराठीचं लेखन म्हणून द्या, नाहीतर मुलाला वाटतं, मलाच का? म्हणजे मी कच्चा आहे.

दुसरा: 'शिक्क्याची पाटी'. हा पाचव्या आठवड्यानंतर, गटाचा एकमेकांवर विश्वास बसल्यावर. कागदाचे तीन उभे रकाने. पहिल्यात: लोक काय म्हणतात. दुसऱ्यात: हे कुठून आलं. तिसऱ्यात: मला काय माहीत आहे. कस दुसऱ्या रकान्यात लागतो आणि तिथे मोठ्यांनी अभ्यास करून यावं लागतं. पारधी मुलाच्या पहिल्या रकान्यात 'चोर' असेल, तर दुसऱ्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा येतो, इंग्रज सरकारनं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या तो. आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, हेही. एखाद्या कायद्याला तारीख असते, तो कोणीतरी केलेला असतो आणि कोणीतरी रद्द केलेला असतो. शिव्यांनाही तारीख असते हे मुलाला दिसलं की शिवी त्याच्या अंगातली राहत नाही.

दुसरा रकाना कोरा राहिला तर हा प्रकार उलटतो. मुलं नुसत्या शिव्यांची यादी करतात आणि जास्त खचून उठतात. तयारी नसेल तर घेऊ नका.

चुका ज्या हमखास होतात: लाल पेनानं शुद्धलेखन तपासणं (एक खूण जरी केली तरी पुढच्या वेळी चार ओळी येतात), उत्तम लेखनाला बक्षीस, मोठ्यानं वाचायला लावणं, आणि प्रमाण भाषेचा आग्रह. पावरी, भिली, कोरकू, गोंडी, कातकरी बोली, जी येते तीत लिहू द्या, लिपी देवनागरी चालते. ज्याला लिहिता येत नाही त्यानं चित्र काढावं.

माळरान

शब्दखडू, सुरेख. वेळापत्रकाबद्दल दोन गोष्टी.

ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर अनेक मुलं आईबापांबरोबर फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. म्हणजे तुमचे ८ आठवडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपले पाहिजेत. दिवाळीनंतर सुरू केलं तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं गटात नसतील. सातपुड्यात होळी-भोंगऱ्याला मुलं घरी जातात, तेव्हा तास ठेवून गैरहजेरी मांडू नका. घरी जाऊन ढोल वाजवणं हे कुठल्याही ध्यानापेक्षा कमी नाही.

दुसरं म्हणजे, ऑगस्टअखेर संपवलंत तर ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन, आपसूक शेवटच्या आठवड्यात येतो. शिक्क्याची पाटी त्याच आठवड्यात ठेवा.

गणितसोपे

परीक्षेच्या दिवसाबद्दल. एवढं सगळं करून त्या ३ तासांत उपयोग झाला नाही तर मुलं म्हणतील, काय कामाचं?

आदल्या आठवड्यात एकदाच, १५ मिनिटं, मुलांना हे सरळ समजावून सांगा: "तुमच्याबद्दल लोकांनी काही ठरवून ठेवलेलं असतं. परीक्षेत ते आठवलं की छाती धडधडते, हात घामेजतात. ते त्या बोलण्यामुळे होतं, गणित येत नाही म्हणून नव्हे." २००५ मध्ये अमेरिकेत गणिताच्या चाचणीआधी मुलींना एवढंच समजावलं, तर त्यांची घसरण थांबलेली दिसली. नाव दिलेली भीती निम्मी होते.

परीक्षेच्या खोलीत: पेपर हातात आल्यावर पहिला मिनिट पेन खाली. दोन्ही तळपाय जमिनीवर दाबायचे, खोलीतला एक आवाज ऐकायचा, मग पूर्ण पेपर वाचायचा. अडलं आणि 'बघा, ही असलीच' हे वाक्य आलं तर कच्च्या कामाच्या जागी एक टिंब काढायचं आणि प्रश्नाची पहिली ओळ पुन्हा वाचायची. एवढंच. हे टिंब सराव परीक्षांमध्ये किमान ४ वेळा घोटून घ्या, नाहीतर खऱ्या दिवशी आठवत नाही.

ज्यांना फार भीती वाटते त्यांनी पेपरच्या आधी १० मिनिटं, जे जे वाटतंय ते एका कागदावर लिहून काढायचं आणि कागद फाडून टाकायचा.

आणि तपासणाऱ्यांसाठी: वहीवर शेरे लिहिताना वर एक वाक्य जोडा. "एवढ्या सूचना लिहिल्या कारण माझी अपेक्षा मोठी आहे, आणि तू तिथवर पोहोचशील याची मला खात्री आहे." अमेरिकेतल्या ७वीच्या छोट्या प्रयोगात (निकाल २०१४ मध्ये छापला) या एका वाक्यानं निबंध सुधारून परत देणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ७० च्या वर गेलं. पण खाली खऱ्या, नेमक्या सूचना हव्यात. नुसतं वाक्य आणि खाली 'छान' लिहिलं तर मूल ओळखतं की आपल्याला सोडून दिलंय. मार्क वाढवून देणं हाही तोच अपमान आहे.

दुसरीबाजू

सगळं वाचलं. उत्साह योग्य आहे, पण जे प्रयोग इथे आले त्यांच्या दुसऱ्या बाजूही नोंदवतो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर अडचण नको.

शिक्क्याच्या भीतीचा परिणाम २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये २,००० हून अधिक शाळकरी मुला-मुलींवर तपासला, मुलींच्या गणिताबाबत, आणि तो दिसला नाही. मोलाच्या गोष्टींवरचं लेखन अमेरिकेत मॅडिसन शहराच्या शाळांत मोठ्या प्रमाणावर घेतलं, पहिल्या तुकडीत परिणाम लहान, दुसऱ्या तुकडीत नाहीच. आणि शाळांमधल्या सजगतेच्या तासांचा सगळ्यात मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, ८५ शाळा, ८,००० च्या वर मुलं. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

याचा अर्थ सोडून द्या असा मी घेत नाही. ब्रिटनच्या प्रयोगात सरसकट सगळी मुलं होती, शिक्क्यानं गांजलेल्या गटासाठी वेगळं काही केलेलं नव्हतं. मॅडिसनबद्दल अभ्यासकांचं एक म्हणणं असं की शाळेतलं वातावरण कसं आहे यावर लेखनाचा उपयोग ठरतो. म्हणजे निळीशाई यांची यादी झाली नसेल तर बाकीचं फुकट जाण्याची शक्यता मोठी.

तेव्हा आपल्यापुरतं मोजा. १५ मुलांवरून गुणांची सरासरी काढून काही सिद्ध होत नाही, ते करू नका. चार साध्या नोंदी ठेवा: वर्गात स्वतःहून हात वर करणं (आठवड्यातून एक ठरलेला तास, फक्त मोजायचं), कोरे सोडलेले प्रश्न किती (चुकलेले वेगळे, कोरे वेगळे, शिक्क्याच्या भीतीनं कोरे वाढतात), घटक चाचणीच्या दिवशीची गैरहजेरी, आणि तासाला बसायला नकार देणाऱ्यांची संख्या. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. एकही मूल कधीच नकार देत नसेल तर तास सक्तीचा झालाय असं समजा.

पळसपान

दुसरीबाजू, कोऱ्या प्रश्नांची नोंद फारच उपयोगी. घेतो.

तर सुधारलेला आराखडा, आतापर्यंतचं धरून. आठवडा शून्य: शाळेची यादी. जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टअखेर, आठवड्यातून ३ दिवस, पावणेसातला, पाणी पिऊन, पोट भरलेलं असताना. बसणं ३ मिनिटांपासून ८ पर्यंत, डोळे उघडे चालतील, भिंतीलगत. एक दिवस मोलाच्या गोष्टींवर लेखन, उरलेले दोन दिवस मुलांना वाटेल ते. पाचव्या आठवड्यानंतर शिक्क्याची पाटी, मोठ्यांची तयारी असेल तरच. नकार द्यायची मुभा पहिल्याच दिवशी सांगायची: "बसायचं नसेल तर त्या कोपऱ्यात चित्रं काढ, कोणी विचारणार नाही." आणि खरंच कोणी विचारायचं नाही.

सांजवात

शेवटचा प्रश्न. वह्या कोणाकडे राहणार? गृहपालांच्या कपाटात ठेवल्या तर कोणीतरी वाचणारच.

शब्दखडू

सांजवात, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मुलंही मनात विचारतात, म्हणून उत्तर आधी ठरवा. वही मुलाच्या पेटीत, त्याच्या कुलुपात. वहीवर नाव नको, मुलानं निवडलेली एक खूण: पान, पक्षी, बैल, काहीही. घेणाऱ्यानं न विचारता वाचायची नाही, आणि मूल स्वतःहून दाखवेल तेव्हा आधी सांगायचं की तुझ्या जिवाला धोका आहे असं त्यात काही दिसलं तर मला गप्प बसता येणार नाही. ऑगस्टच्या शेवटच्या तासाला वही घरी न्यायची की फाडायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. फाडायची असेल तर मुलानं स्वतःच्या हातानं, तिथल्या तिथे, आणि तुकडे त्यानंच चुलीत टाकायचे. शाळेच्या कपाटात एकही वही उरता कामा नये.